भाचीसाठी घेतलेला लॅपटॉप

तिला सगळे कवळीकाकू म्हणत, आणि नाव ठेवणाऱ्याने काही चुकीचं ठेवलं नव्हतं. सव्वीस वर्षं एकाच प्रयोगशाळेत, एकाच खिडकीशी बसून तिने लोकांचे दात केले. दंतवैद्याकडून प्लास्टरचा जबडा यायचा, ही स्पिरिटच्या दिव्यावर मेण मऊ करायची आणि बारीक सुरीने त्यातून दाढ कोरायची. चार माणसांत गेली की ती चेहरे बघायची नाही, तोंडं बघायची. कोणी मोकळेपणी हसलं की मनात म्हणायची, वरची डावी दाढ माझी. नव्याने लागलेल्या पोरापोरींना सुरी धरायला तिनेच शिकवलं, आणि शिकवताना दोन शब्द जास्तच सुनावले. ‘डोळ्याला दिसत नसेल तर घरी बसा,’ हे तिचं लाडकं वाक्य. पोरं रडायची, पण शिकायची. म्हणून तिला वाटायचं, वाक्य बरोबरच आहे.

मग मालकाने यंत्र आणलं. आता जबडा प्लास्टरचा येईना, त्याचं चित्र संगणकात येऊ लागलं. दाढ पडद्यावर घडवायची आणि यंत्राने ती ठोकळ्यातून कापून हातात द्यायची. मालक तसा माणूस बरा. त्याने तिला केबिनमध्ये बसवून सांगितलं, "काकू, विद्यापीठात याचा वर्षभराचा वर्ग आहे, दर शनिवारी. तो केलात तर खिडकीची जागा तुमचीच. नाही केलात तर पॅकिंगला बसवावं लागेल. माझाही इलाज नाही."

पॅकिंग म्हणजे दुसऱ्यांनी केलेले दात डब्यांत भरायचे. ज्यांना तिने घरी बसायला सांगितलं होतं, त्यांनीच केलेले.

तिने गुपचूप अर्ज भरला. प्रवेश मिळाल्याच्या पत्रात खाली एक ओळ होती: विद्यार्थ्यांनी स्वतःचा लॅपटॉप आणावा, घन आकृत्या फिरवायच्या असल्याने गेमिंगचा असल्यास उत्तम. वर्ग तिसऱ्या मजल्यावर, आणि जिन्याशी तिच्या गुडघ्यांचं जुनं वैर. म्हणजे लॅपटॉप खेळायचा हवा आणि लहानही हवा. एकोणपन्नासाव्या वर्षी.

दुकानात ती दोनदा दारापर्यंत जाऊन परत आली. तिसऱ्यांदा आत शिरली. भिंतीला ओळीने लॅपटॉप उघडून ठेवलेले, कळांखालून लाल-निळे दिवे, पडद्यांवर तलवारी घेतलेले राक्षस. दुकानदार सडपातळ, बोलका, दातांत किंचित फट असलेला. त्याने साधाच प्रश्न विचारला, "कोणासाठी बघताय?"

"भाचीसाठी," ती म्हणाली.

शब्द तोंडातून असा सुटला की तिलाच नवल वाटलं. भाऊ होता, भावाला मुलगी होती, ती त्याच वर्षी विद्यापीठात गेलेली होती. सगळं खरं होतं, फक्त वाक्य खोटं होतं.

"मग तिलाच आणा की," दुकानदार म्हणाला. "बोटं तिची, डोळे तिचे. आपण घेऊन देतो आणि पोरं वर्षभर कुरकुरतात."

इथे एखाद्या शहाण्या बाईने दुसरं दुकान गाठलं असतं. पण एक खोटं लपवायला दुसरं लागतंच. तिने भाचीला फोन केला. "मला जरा कॉम्प्युटरच्या दुकानात सोबत ये, तुला त्यातलं कळतं," एवढंच सांगितलं. बाकीचं वाटेत सांगू म्हणाली. वाटेत भाची स्वतःच्या अभ्यासाबद्दल बोलत राहिली आणि हिने तिला बोलू दिलं.

दुकानाची पायरी चढतात न चढतात तोच दुकानदार म्हणाला, "ही का भाची? ये, ये. नशीबवान आहेस. आत्या लॅपटॉप घेतायत तुला."

भाची वळली. तिच्या घरी लॅपटॉप नव्हता. विद्यापीठातल्या सामायिक संगणकखोलीत यादीत नंबर लागून मिळालेल्या कार्डावर रोज दोन तास मिळायचे, तेही रांग लावून. तिचा चेहरा आधी गोंधळला, मग उजळला, मग तो उजेड लपवावा की नाही हे तिला कळेना. "आत्या," ती हळू आवाजात म्हणाली, "खरंच?"

नाही म्हणायला तेवढा एकच क्षण होता. कवळीकाकूने तो गिळला. मान हलली, ती होकाराची होती की नुसती हलली होती, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

मग भाची निवडायला बसली, आणि तिची ती निवड बघणं ही आत्याला खरी शिक्षा होती. पोरगी हावरटासारखी मोठ्याकडे धावली असती तर रागावता तरी आलं असतं. पण ती प्रत्येकाची किंमत आधी बघत होती. पंख्याचा आवाज कान लावून ऐकत होती, तळाशी हात ठेवून किती तापतो ते बघत होती. मोठ्या पडद्याचा एक होता. तो तिने उचलून परत ठेवला. "हा नको, आत्या. उगाच महाग आहे. मला लहान पुरे."

"लहानात अक्षरं बारीक दिसतात," दुकानदार म्हणाला, "पण तरुण डोळे आहेत, चालेल."

कवळीकाकूने चष्म्यातून त्या लहान पडद्याकडे बघितलं. तिला एक अक्षर लागलं नाही. ती म्हणाली, "छान आहे."

इतक्या वर्षांच्या पुंजीतून पैसे गेले, आणि दुसरा घेण्याजोगं मागे काही उरलं नाही. खोकं भाचीने छातीशी धरलं. "घरी नेऊ?" तिने विचारलं. "ने," आत्या म्हणाली. संध्याकाळी वहिनीचा फोन आला. "ताई, आम्हाला जमत नव्हतं हो," एवढं बोलून वहिनीला पुढे बोलवेना. कवळीकाकू "असू दे, असू दे" म्हणत राहिली, आणि फोन ठेवल्यावर तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

हा बुधवार. शनिवारी वर्ग. दोन दिवस तिने स्वतःशी वकिली केली: वर्ग सोडून द्यावा, पॅकिंग तर पॅकिंग, पोरीचं तरी भलं होईल. पण ती काही दानशूर नव्हती, आणि हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिला खिडकी हवी होती. शुक्रवारी संध्याकाळी ती भावाच्या घरी गेली.

भाचीने टेबलाचा अर्धा भाग मोकळा करून लॅपटॉपखाली घडी केलेला पंचा घातला होता. वहिनी पाणी घेऊन आली. कवळीकाकूने पेल्याला हात लावला नाही. उभ्या उभ्याच तिने सगळं सांगून टाकलं: प्रयोगशाळेतलं यंत्र, वर्ग, दुकान. "तो मी माझ्यासाठी घेत होते. या वयात शिकायला चाललेय हे सांगायची लाज वाटली, म्हणून तुझं नाव पुढे केलं. आणि तू तिथे विचारलंस तेव्हा गप्प बसले."

वहिनी पाण्याचा पेला उचलून आत गेली. भाचीने लॅपटॉपचं झाकण मिटलं.

"मी कार्ड परत केलं," ती म्हणाली.

"कसलं?"

"संगणकखोलीचं. काल. एक मुलगी वाट बघत होती, तिला मिळालं. आता माझं नाव परत यादीत शेवटी लागेल." आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. "तू दुकानात सांगितलं असतंस ना आत्या, तर मी मोठा निवडला असता. यावर तुला दिसणार पण नाही."

कवळीकाकूला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. लोकांचे दात घडवण्यात जन्म गेला, आणि स्वतःच्या दातांमागची जीभ वेळेवर हलली नाही.

भाचीनेच शेवटी वाट काढली, तीही व्यवहार केल्यासारखी. "शनिवार-रविवार तुझा. बाकीचे दिवस माझा. चालेल?"

"चालेल," आत्या म्हणाली. दुसरं काही म्हणायचा हक्क तिला उरला नव्हता.

शनिवारी सकाळी भाचीने दारातच पिशवी हातात दिली. "चार्ज केलाय." एरवी जिन्याच्या वळणापर्यंत बोलत येणारी पोरगी, पण दार लागलं.

तिसरा मजला चढून कवळीकाकू वर्गात पोचली तेव्हा तिला धाप लागली होती. सगळी विशी-बाविशीची. शेजारच्या मुलीने सरकून जागा दिली आणि विचारलं, "काकू, कोणाला सोडायला आलात?"

तयार खोटं तोंडाशी आलं होतं. तिने ते मागे ढकललं. "शिकायला आलेय," ती म्हणाली, आणि कान गरम झाले तरी बसून राहिली.

तिने लॅपटॉप उघडला. पडद्यावर दोन नावं होती: एक भाचीचं, दुसरं नुसतं ‘आत्या’. तिने दुसऱ्यावर बोट ठेवलं. आता चष्मा नाकावर पुढे-मागे करावा लागणार, शेजारणीला वाचून दाखवायला सांगावं लागणार, या तयारीने ती पुढे वाकली.

वाकायची गरज नव्हती. अक्षरं अंगठ्याएवढी होती. बाण जाड, काळा, शोधावा न लागणारा. दातांच्या कामाचा प्रोग्रॅम बसवून मधोमध ठेवलेला, बाकी सगळं बाजूला काढलेलं. हे पाच मिनिटांचं काम नव्हतं. काल रात्री, सगळं कळल्यावर, बसून कोणीतरी हे केलं होतं, आणि दारात त्याबद्दल चकार शब्द काढला नव्हता.

डोळ्याला दिसत नसेल तर घरी बसा. सव्वीस वर्षं तिने हे किती जणांना ऐकवलं, त्याची मोजदाद नव्हती. काल ते तिला ऐकवायची पाळी भाचीची होती, आणि भाचीने अक्षरं मोठी करून ठेवली.

"बापरे, केवढी मोठी अक्षरं," शेजारची मुलगी हसून म्हणाली. "कोणी करून दिली?"

"भाचीने," कवळीकाकू म्हणाली. मग तिने तो जाड बाण मधोमध ठेवलेल्या प्रोग्रॅमवर नेला.