शिट्टीची वजावट

आमच्या घरात दोन खेळ होते. नवऱ्याचा गोल्फ, तो कामात मोडायचा. आणि माझा खो-खो, ती हौस. हा निवाडा माझा नव्हे, आमच्या ह्यांचा. पंच मी, पण घरात निर्णय द्यायची खोड ह्यांना.

तेव्हा देशाचा बाजार नुकताच खुला झाला होता, आणि हे सरकारी महामंडळातली कायमची नोकरी सोडून गुडगावातल्या एका नव्या कोऱ्या कंपनीत हिशेब खात्याचे मॅनेजर झाले होते. मोहरीच्या शेतांना लागून काचेची इमारत, आत स्वेटर घालावा लागेल एवढा एसी, आणि साहेबाला नावानं हाक मारायची पद्धत. रविवारी हा साहेब आपल्या मर्जीतल्या माणसांना गोल्फला न्यायचा. आमचे हे पुण्यात कधी गोट्यासुद्धा धड खेळले नव्हते, पण ह्यांनाही बोलावणं आलं. मग बूट आले, टोपी आली, एका हाताचा मोजा आला. (दुसऱ्या हातानं काय पाप केलं होतं, मला आजवर कळलेलं नाही.) सगळं कंपनीच्या खर्चानं. ह्यांचा चेंडू तळ्यात जायचा आणि बिल कंपनीत जायचं.

मी दिल्लीत मयूर विहारच्या एका शाळेत गणित शिकवायची, आणि रविवारी खो-खोची पंच. लग्नाआधी पुण्यात खूप खेळले. दिल्लीत आल्यावर खेळणं सुटलं तेव्हा रीतसर पंचपरीक्षा दिली. दिल्ली-हरियाणातल्या शाळांच्या स्पर्धांना बोलावणी यायची. पहाटेची बस धरायची, दिवसभर उन्हात उभं राहायचं, ओरडणाऱ्या पीटी मास्तरांना तोंड द्यायचं आणि धूळ खात परत यायचं. सामना पानिपतला असला की हे दारातून ओरडायचे, "जपून गं! मागच्या वेळी मराठी माणसं गेली होती तेव्हा काय झालं माहीत आहे ना?" हा विनोद ते दर वेळी पहिल्यांदाच सुचल्यासारखा करायचे. मानधन मिळायचं, तेही कर कापून. सरकार माझ्याकडून कर घेताना मात्र हौस-बिऊस काही बघत नव्हतं.

जुलैत आयकराचं विवरणपत्र भरायची वेळ आली. हे जेवणाच्या टेबलावर कागद पसरून बसले होते. मी म्हटलं, "माझे बूट लिहा खर्चात. शिट्ट्या लिहा, बसभाडं लिहा."

हे हसले. नुसते नाही, चष्मा काढून हसले.

"अगं, हौसेला वजावट नसते."

"मग तुमच्या गोल्फच्या बुटांना कंपनीच्या हिशेबात कशी मिळाली?"

"ते नेटवर्किंग आहे. तुला नाही कळायचं."

झालं! माझं डोकंच फिरलं. आमच्या मुलीनं मधेच विचारलं, "आई, वजावट म्हणजे डिस्काउंट का?" तिच्यावरही खेकसले, बिचारीवर. अहो, जो माणूस तळ्यात चेंडू मारतो तो काम करतो, आणि दिवसभर उन्हात उभी राहून जी पोरींना न्याय देते ती मजा करते? बुटांनी कर कितीसा वाचणार होता? त्यात आठवड्याची भाजीही आली नसती. प्रश्न पैशांचा नव्हताच. मला माझ्या कामाला काम म्हणवून घ्यायचं होतं. घरात कोणी म्हणत नव्हतं, तर निदान सरकारनं म्हणावं.

मी माझं विवरणपत्र स्वतः भरलं. गणिताची बाई आहे, बेरीज-वजाबाकी मला येते. मानधन व्यवसायाच्या रकान्यात टाकलं आणि खाली खर्च लिहिला. हे म्हणाले, "बघ, नोटीस येणार." आणि आली हो, काही महिन्यांनी खरंच आली! वजावटीबद्दल समक्ष येऊन खुलासा करा म्हणून. तो लिफाफा ह्यांनी असा हसत हसत आणून दिला, की जणू गोल्फची ढालच जिंकून आणली होती.

त्याच सुमाराला ह्यांच्या कंपनीत फॅमिली डे निघाला. परदेशातून मोठे साहेब येणार, म्हणून सगळं 'एकदम इंडियन' हवं होतं. चाट इंडियन, कुर्ते इंडियन, मग खेळही इंडियन. आमचे हे मीटिंगमध्ये उत्साहानं बोलून आले, "माझी मिसेस खो-खो घेते. हौस आहे तिला. फुकट करेल."

"फुकट कोण करेल?" मी विचारलं.

"अगं, घरचंच कार्य समज."

"मानधन घेतल्याशिवाय मी शिट्टी तोंडात धरत नाही. आणि कर कापूनच द्या म्हणावं."

हे दोन दिवस घुश्शात होते, पण चेक आला. कंपनीनं तो मनोरंजनाच्या खात्यातून काढला होता. म्हणजे तिथंही मी भेळवाल्याच्याच रांगेत!

फॅमिली डेला एका फार्महाऊसच्या हिरवळीवर चुना मारून मैदान आखलं. एका संघाचं नाव 'व्हिजन', दुसऱ्याचं 'मिशन'. ह्यांचा गोल्फवाला साहेब 'व्हिजन'मध्ये, म्हणून आमचे हेही 'व्हिजन'मध्ये. मी सगळ्यांना नियम सांगितले. बाकी काही विसरलात तरी चालेल, म्हटलं, एवढं लक्षात ठेवा: उठून एकदा दिशा धरली की पुढच्या खांबाला वळसा घातल्याशिवाय मागं फिरायचं नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. साहेबानं तर टाळ्या वाजवल्या.

सामना मात्र रंगला, खोटं कशाला बोलू. पोटं सुटलेली माणसं लहान पोरांसारखी धावत होती. शेवटच्या क्षणी दोन्ही संघांचे गुण बरोबरीत होते. पाठलाग 'व्हिजन'चा. समोर 'मिशन'ची एक रिसेप्शनिस्ट जीव तोडून पळत होती. आमच्या ह्यांनी साहेबाच्या पाठीवर थाप मारून खो दिला. साहेब उठला, उजवीकडे धावला, पोरगी डावीकडे निसटली. आणि साहेब खांबापर्यंत न जाता तिथल्या तिथं गर्रकन मागं फिरला आणि तिला शिवला. एकच जल्लोष! परदेशी पाहुणेही उभे राहिले.

मी शिट्टी वाजवली. "फाऊल. बाद नाही."

साहेब हसत हसत जवळ आला. "मॅडम, थोड़ा फ्लेक्सिबल होइए ना. ज़माना बदल रहा है."

"ज़माना बदले, सर. दिशा नहीं बदलेगी."

"कम ऑन यार, मज़े के लिए खेल रहे हैं."

"आप मज़े के लिए खेल रहे हैं. मैं काम पर हूँ."

मधल्या रेषेवर उकिडवे बसलेले आमचे हे डोळ्यांनी मला विनवत होते. सोड, सोड ना! मला काय कळत नव्हतं? ह्यांच्या बढतीचा निर्णय त्याच महिन्यात व्हायचा होता, आणि तो करणारा माणूस माझ्यासमोर घामाघूम उभा होता.  तरी फाऊलचा हात वर तो वरच राहिला. वेळ संपली, साहेबाचा तो गुण धरला गेला नाही, बरोबरी नाणेफेकीनं सोडवली आणि कप 'मिशन'नं नेला.

परतताना गाडी यमुनेच्या पुलावर आली. मग हे म्हणाले, "एक आऊट दिला असतास तर काय बिघडलं असतं?"

"मी पंच आहे."

"हौशी," हे म्हणाले.

त्यानंतर आठवडाभर मी ह्यांच्याशी फक्त भाजी वाढण्यापुरतं बोलले. पुढच्या रविवारी गोल्फचा फोन आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. गोल्फची पिशवी बाल्कनीत उभी राहिली आणि मी तिच्यावर पायपुसणी वाळत घालू लागले. बढती दुसऱ्याला मिळाली. त्या संध्याकाळी हे न जेवता झोपले. मला वाईट वाटलं, फार वाटलं. पण चुकलं असं काही केल्या वाटेना.

आयकर कार्यालयात जायच्या दिवशी हे आपण होऊन रजा टाकून निघाले. म्हणाले, "तू एकटी गेलीस तर तिथं भांडशील." मला वाटलं, माझी फजिती बघायला येताहेत.

अधिकारी उतारवयाचे होते, हातानं विणलेला स्वेटर, बोलणं मऊ. त्यांनी बुटांची पावती वाचली, शिट्टीची पावती दोनदा वाचली.

"मैडम, ये शौक है या पेशा?"

"पेशा."

"अच्छा. मज़ा आता है इसमें?"

आता काय सांगायचं? नाही म्हटलं असतं तर काम झालं असतं. पण उन्हात पळणाऱ्या त्या हरियाणवी पोरी डोळ्यांपुढे आल्या, आणि जन्मभर शिट्टी वाजवून तिथं खोटं कुठं बोलू?

"आता है," मी म्हटलं. "बहुत आता है."

अधिकाऱ्यांनी शांतपणे पेनाला टोपण लावलं. "तो फिर शौक हुआ ना, मैडम. मुझे देखिए. इतने साल हो गए, एक दिन मज़ा नहीं आया. इसको कहते हैं पेशा."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. रागाचं होतं, पण पाणी ते पाणीच. मी पावत्या गोळा करायला लागले.

तेवढ्यात शेजारची खुर्ची सरकली. आमचे हे उभे राहिले होते. शाळेत उत्तर द्यायला उभं राहावं तसे. साहेबाचं धावणं, मागं फिरणं, ती शिट्टी, सगळं त्यांनी सांगितलं. दिशेचा नियमसुद्धा बरोबर सांगितला. अधिकारी हनुवटीला हात लावून ऐकत होते.

"मेरी तरक्की चली गई उसमें, साहब," हे म्हणाले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "शौक होता, तो छोड़ देती."

अधिकाऱ्यांनी पेनाचं टोपण पुन्हा काढलं.