जिथे रंग पोचत नाही

उद्या माझ्या आतड्यातली कॅन्सरची गाठ काढणार, म्हणून आज जेवण बंद. रिकाम्या पोटी दुपारची झोप लागते तीही तरंगत. भेटायला आलेल्यांत शहाळं कुणी आणलं आणि नुसता सुस्कारा कुणी, हे मनात टिपता टिपता बघते तर खाटेच्या पायथ्याशी अण्णा बसलाय. माझा थोरला भाऊ. याच दुखण्यानं गेलेला.

"रिकाम्या हातानं आलास?"

"तिकडून शहाळं कुठलं आणू, वत्से? चल."

तो खाट लोटतो. वॉर्डाचा बोळ वळतो तो थेट माझ्या स्वयंपाकघरात. देवघरासमोर सर्जन मुणगेकर सोवळं नेसून उभे. ओट्यावर माझं आतडं. गाठ निघालीय, दोन टोकं जोडायची राहिलीत.

"शिरेत रंग सोडा," डॉक्टर म्हणतात. "रक्त पोचतं तेवढंच हिरवं चमकेल."

दिवे जातात. कॅमेऱ्याच्या पडद्यावर आतडं काजव्यासारखं उजळत येतं. येतं, येतं, आणि टोकाआधीच थांबतं. पुढे वीतभर काळोख. रंग हलत नाही.

"इथे जोड टिकणार नाही. आणखी कापलं तर टोकं पुरणार नाहीत." डॉक्टर सुई उचलतात. "पण बाईंची अट आहे. पोटावर पिशवी नको, जोडायचंच."

"मळाची पिशवी लावून नैवेद्य कसा करू रे?" मी अण्णाला विचारते.

"मळ इतकी वर्षं पोटातच होता की. देवाला काय ठाऊक नव्हतं?" तो म्हणतो. "माझ्या वेळी हा रंग नव्हता. डॉक्टरांना नजरेनंच शंका आली होती. पण माझीही हीच अट."

"मग?"

"मग काय, जोडलं. जोड सुटला. आणि तू तेराव्याला म्हणालीस, बासुंदीत साखर कमी."

"होतीच कमी."

तो हसत नाही. सुई काळोखाला टेकते.

"अण्णा, थांबव त्यांना!"

"मी कोण? पोट तुझं."

मी पोटावर बोट रोवते, परकराच्या नाडीखाली, डावीकडे. "इथे! पिशवी इथे लावा!"

"झालं, मावशी." नर्स पेनाला टोपण लावतेय. "उद्या पिशवी लागलीच तर म्हणून खूण करायला आले होते. तुम्ही तर झोपेतच जागा दाखवलीत. बरोबर आहे हं, बसल्यावर इथे पोटाला घडी पडणार नाही."

बेंबीच्या खाली, डावीकडे, जांभळं वर्तुळ. शाई अजून ओली आहे. पुसली जाऊ नये म्हणून मी पदर वर धरून ठेवते.