कपावरची चकती

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. आमच्या ह्यांना नाही, पाठच्या बहिणीला नाही. देवापुढे बसते तेव्हाही नाही — तिथे दुसरंच काहीतरी पुटपुटते आणि उठते. मी बोलायला लाजरी. चार माणसांत माझा आवाज फुटत नाही. लिहायची तर सवयच नाही, चौथीत शाळा सुटली ती सुटली. तरी आज लिहायला बसले आहे. तुम्ही समोर बसला आहात असं धरते. मधे काही विचारू नका. विचारलंत तर मी थांबेन.

आधी लोक मला काय म्हणतात ते सांगते. "वहिनींना काही लागत नाही." कसबा पेठेत सासरी होते तेव्हापासूनचं हे. सगळ्यांची पानं उठल्यावर उरेल ते खाणारी. लग्नकार्यात कोणी जिलबी वाढायला आलं की मी पानावर हात आडवा धरायची, आणि शेजारची म्हणायची, "त्यांना नका वाढू, त्यांना गोड आवडतच नाही." आवडत नाही? मला कधी कुणी विचारलं होतं? पण ते ऐकलं की मला बरं वाटायचं, हेही खरं. ना शिक्षण, ना रूप, ना बोलणं — माझं नाव दुसऱ्या कशानं होणार होतं? ते एवढंच होतं. ते मी जपलं.

वैशाली माझी एकुलती मुलगी. ती आणि जावई नोकरीसाठी हॉलंडला होते. दुसऱ्या बाळंतपणाला तिनं मला बोलावून घेतलं. निघायच्या आधी तपासणी केली तर मला साखर निघाली. वैशालीनं फोनवरच बजावलं, "आई, इथे तुला काही झालं तर डॉक्टरला काय होतंय तेसुद्धा सांगता येणार नाही तुला. गोड बंद म्हणजे बंद." मी म्हटलं, "मला कुठे लागतं गोड?"

थोरली नात मनू तेव्हा सात वर्षांची होती. तिथेच वाढलेली. मराठी बोलायची, पण एकेक शब्द उचलून ठेवल्यासारखं, सावकाश. त्या परक्या गावात माझ्याशी बोलायला तेवढं एकच माणूस होतं. वैशाली बाळाच्या जागरणानं दमलेली, जावई ऑफिसात, आणि खिडकीतून पाहावं तर रस्त्यावर कुणी कुणाला हाक मारत नव्हतं. दुपारी मनू शाळेतून आली की माझा दिवस सुरू व्हायचा.

अशाच एका दुपारी मी बिनसाखरेचा चहा घेऊन बसले होते. मनूनं तिच्या डब्यात उरलेली एक चकती काढली. दोन पातळ जाळीदार पापुद्रे आणि मध्ये पाक. तिकडे तिला काही नाव आहे, माझ्या जिभेवर ते बसत नाही. तिनं ती माझ्या कपावर झाकणासारखी ठेवली. म्हणाली, "आजी, थांब जरा. वाफ लागू दे." आम्ही दोघी त्या कपाकडे बघत बसलो. चकती मऊ झाली, मधला पाक विरघळला, कडा खाली झुकल्या. तिनं ती दोन्ही हातांनी उचलून माझ्या तोंडात घातली.

मी काय सांगू? इतकी वर्षं मी सणासुदीला पुरणपोळ्या केल्या, करंज्या केल्या, लाडू वळले. पण माझ्यासाठी म्हणून, माझ्या कपावर, असं कधी कुणी काही ठेवलं नव्हतं. — नाही, हे खोडते. हे सांगून मला तुमची दया नको. मला ती चकती आवडली, एवढंच. आणि मग मला ती रोज हवी झाली.

दुकान कोपऱ्यावर होतं. पण तिथे जाऊन मागायचं कसं? काय म्हणायचं? माझा पाय उंबऱ्याबाहेर पडायचा नाही. स्वयंपाकघरातल्या कपाटात मात्र पाकिटं होती, वैशालीनं पुण्याला सासरच्यांसाठी पाठवायला आणून ठेवलेली. त्यातलं एक मी फोडलं. पहिल्या दिवशी मनूला एक दिली आणि म्हटलं, "आईला सांगू नकोस हं." तिला ती गंमत वाटली. पुढे पुढे मी तिला द्यायचंही सोडलं. ती शाळेतून यायच्या आत खाऊन घ्यायची. बाळाला थोपटताना माझा हात भरभर चालायचा — हा झोपतो कधी आणि मी चहा टाकते कधी. दूध पिणाऱ्या नातवाचा मला राग यायचा, चकतीपायी. ऐकलंत ना?

आता शपथेचं सांगायला हवं.

मनू कुठल्याशा मराठी मैत्रिणीकडून "आईशप्पथ" म्हणायला शिकली होती. एकदा काहीतरी फुटकळ गोष्टीवरून म्हणाली. मी तिच्या तोंडावर हात ठेवला. सांगितलं, उगाच शपथ घेऊ नये, ज्याची खोटी शपथ घेतो ते माणूस मरतं. आपल्याकडे सगळी पोरं हे ऐकतात, 'सुटली' म्हणतात आणि खेळायला पळतात. ही पळाली नाही. हसून उडवून लावणारं तिच्या आजूबाजूला कुणी नव्हतं. तिनं ते खरं धरलं. कितीतरी दिवस मला विचारायची, "आजी, मी त्या दिवशी घेतलेली सुटली ना? आई मरणार नाही ना?"

एका रविवारी वैशालीनं पुण्याला पाठवायचं सामान काढलं. पाकिटं कमी. मग तिनं घर आवरता आवरता मनूच्या लहान झालेल्या बुटांचं खोकं उघडलं, आणि त्यात ती रिकामी पाकिटं घड्या घालून ठेवलेली.

मी तिथेच होते. बाळाची दुपटी घडी करत होते.

वैशालीनं मनूला बोलावलं. विचारलं, "हे कुणी खाल्लं?" मनूनं माझ्याकडे पाहिलं. मी दुपट्याच्या कडा जुळवत होते. मनू म्हणाली, "मला माहीत नाही."

"माहीत नाही? मग ये. आजीच्या डोक्यावर हात ठेव आणि म्हण, मला माहीत नाही."

मनू आली. मी बसलेली, ती उभी. तिनं हात वर केला. तो माझ्या केसांना लागला नाही. वरच थांबला. मला तो दिसत नव्हता, पण तो तिथे आहे हे कळत होतं, जसं डोक्यावर पाखरू भिरभिरतं तेव्हा कळतं. तिला माहीत होतं कुणी खाल्लं. माहीत नाही म्हणावं तर शपथ खोटी, आजी मरणार. खरं सांगावं तर आजीला सगळे बोलणार. सात वर्षांच्या पोरीनं दोन्ही बाजू पाहिल्या. मी तर एकही पाहिली नाही.

तिनं हात मागे घेतला. "मी खाल्लं," म्हणाली.

एवढं बोलायचं होतं मला, "अगं, मी गं." तीनच शब्द. माझ्याच मुलीसमोर. काय केलं असतं तिनं? ओरडली असती, माझी साखर तपासली असती, संध्याकाळपर्यंत विसरली असती. पण मग 'आईला काही लागत नाही' हे गेलं असतं. मी दुपटं ठेवलं आणि दुसरं उचललं.

"खाल्लंस ते खाल्लंस, वर खोटं? आजीची शपथ घ्यायला निघाली होतीस तू!" वैशालीचा आवाज चढला. मनूची शाळेची सहल बंद झाली. दुपारी ती माझ्यापाशी आली आणि हळूच विचारलं, "आजी, मी हात टेकवला नव्हता. तू मरणार नाहीस ना?"

मी म्हटलं, "नाही गं." तिला जवळही घेतलं नाही. तिच्या डोळ्यांकडे बघायला लागलं असतं.

त्यानंतर तरी मी थांबले असेन, असं तुम्हाला वाटत असेल. वैशालीनं नवीन पाकिटं आणली आणि सगळ्यात वरच्या फळीवर ठेवली, मनूचा हात पोचणार नाही अशी. माझा पोचत होता. निघायच्या आधी त्यातली एक चकती मी खाल्ली.

पुढे ते सगळे पुण्याला परत आले. हा किस्सा त्यांच्या आधी आला होता. गणपतीत सगळे जमले की मनूचा काका ओरडायचा, "मनू आली रे, डबे झाका!" सगळे हसायचे. मीही हसायचे. मोदक वाढता वाढता हसायचे.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीत वैशालीची कुडी हरवली. मनू तेव्हा कॉलेजात जायला लागली होती. वैशालीनं तिच्याकडे नुसतं पाहिलं आणि विचारलं, "तू उचललीस का?" मनू मोबाइलमधून मान वर न करता म्हणाली, "हो." घरात भांडण, रडारड. दुसऱ्या दिवशी कुडी उशीच्या अभ्र्यात सापडली. वैशाली तिच्यावरच चिडली, "अगं, घेतली नव्हतीस तर हो कशाला म्हणालीस?"

"तू विचारलंस म्हणून. नाही म्हटलं असतं तर म्हणाली असतीस, घे शपथ."

ती माझ्याकडे बघून बोलली असती तर मला सोसलं असतं. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. अजूनही ती मला वाचवतच होती.

अजून एक राहिलं. ते सांगितल्याशिवाय हे पुरं व्हायचं नाही. ती पाकिटं त्या खोक्यात कुणी ठेवली, हे तुम्ही विचारलं नाहीत. मीच सांगितलं होतं ना, विचारू नका म्हणून. कचरा वैशाली स्वतः वेगळा करायची, माझी बॅग औषधांसाठी उघडायची, हे खरं. पण लपवायला गादी होती, पलंगाखालची जागा होती. मी मनूचंच खोकं घेतलं. घेताना मनात आलं होतं — सापडलंच, तर पोराचं म्हणतील. हे नंतर सुचलेलं नाही. घड्या घालत होते तेव्हाच आलं होतं.

परवा मनू धायरीला आमच्याकडे आली होती. शिकायला बाहेरगावी चालली आहे. हे आत झोपले होते. मनूनं मला उठू दिलं नाही, स्वतः चहा केला. पर्समधून पाकीट काढलं. आता ते आपल्याकडेही मिळतं म्हणे. तिनं एक चकती माझ्या कपावर ठेवली आणि म्हणाली, "आजी, थांब जरा. वाफ लागू दे."

मग समोर बसली. तोंडावर राग नव्हता. ती वाट बघत होती. घरात दुसरं कुणी जागं नव्हतं, तिला घाई नव्हती. चकती मऊ होत होती. माझ्या ओठांपर्यंत आलं. तिनं हात मांडीवर ठेवले होते, आता ते माझ्यापेक्षा मोठे दिसतात. कडा खाली झुकल्या. मी चकती उचलली आणि खाल्ली.

ती उठली. मग कप विसळला, पालथा घातला, माझ्या पाया पडली. "येते," म्हणाली.

पाकीट तिथेच राहिलं होतं. हे उठायच्या आत मी ते संपवलं. ह्यांनी विचारलं, "मनूनं काय आणलं होतं?"

"काही नाही," मी म्हटलं. रिकामं पाकीट बादलीच्या तळाशी दाबलं आणि वर चहाचा चोथा टाकला.