निरोपाविना बांधलेली काठी

त्या दोघांना गल्लीत कुणी नावाने हाक मारत नसे. एक रंधा आणि दुसरा दोरा. रंधा बांबू चिरायचा, त्याच्या पट्ट्या तासायचा आणि सहा पट्ट्या एकमेकींना चिकटवून मासे धरायची काठी घडवायचा. दोरा त्या काठीवर रेशमी धाग्याने दोरी ओवायच्या कड्या बांधायचा, बुचाची मूठ बसवायचा आणि वॉर्निशचे हात द्यायचा. काठी साधीसुधी नव्हे. पिसांची खोटी माशी दोरीला बांधून ती पाण्यावर अलगद टाकणारे जे शौकीन असतात, त्यांच्यासाठी, ज्याच्या त्याच्या हाताच्या मापाने केलेली. दोघे सख्खे साडू, एकाच सासऱ्याच्या हाताखाली शिकलेले, एकाच छपराखाली काम करणारे, आणि गेली नऊ वर्षं एकमेकांशी एक अक्षरही न बोललेले.

भांडण कशावरून झालं म्हणाल तर एका लोखंडी साच्यावरून. बांबूची पट्टी ज्या खाचेत ठेवून तासतात तो साचा. सासरे गेले त्याच आठवड्यात रंधाने तो उचलून आपल्या टेबलावर ठेवला आणि वर म्हणाला, मी थोरला जावई. दोरा म्हणाला, थोरला नव्हे, चोरटा. मग कारखान्याच्या मधोमध प्लायवूडची भिंत उभी राहिली. वेगळं व्हायची धमक मात्र दोघांतही नव्हती, कारण एकाचं काम दुसऱ्याला येत नव्हतं. रंधाने एकदा हट्टाने स्वतः कड्या बांधून पाहिल्या, तर काठीला जखमेवर पट्ट्या बांधल्यासारखं दिसू लागलं. दोराने तासलेल्या काठीबद्दल न बोललेलंच बरं. तेव्हा भिंतीला छातीइतक्या उंचीवर एक वीतभर खिडकी ठेवली गेली. तिच्यातून इकडची काठी तिकडे सरकायची. तोंडं मात्र भिंतीच्या आपापल्या बाजूला.

निरोप पोचवायच्या ताई. ताई म्हणजे रंधाची बायको. सगळी गल्ली तिला ताई म्हणे, धाकट्या बहिणीचा नवरा म्हणून दोराही ताईच म्हणे, तेव्हा आपणही तेच म्हणू. चिठ्ठी चालत नसे, रंधाच्या अक्षरातली पहिलीच चिठ्ठी दोराने फाडून खिडकीतून परत फेकली होती. "त्या ठोंब्याला सांग, मूठ अर्धा बोट लांब कर," असं इकडून निघे. पलीकडे पोचेपर्यंत ठोंब्या गळून पडे आणि मूठ तेवढी पोचे. "त्या उपटसुंभाला म्हणावं, सरस नीट वाळू देत जा," असं तिकडून येई. इकडे फक्त सरस येई. नऊ वर्षं त्या बाईने दोघांच्या शिव्या गाळणीसारख्या गाळल्या आणि गाळ स्वतःकडे ठेवला.

सगळ्यात महत्त्वाचा निरोप ठिपक्याचा असे. कोणत्याही काठीला एक मऊ अंग असतं आणि त्याच्या विरुद्ध बाजूला एक ताठ. कड्या मऊ अंगावर बांधायच्या. नाहीतर दोरी फेकताना काठी हातातल्या हातात पीळ खाते आणि माशी भलतीकडे पडते. सासऱ्यांच्या वेळी घडवणारा मऊ अंगावर पेन्सिलने ठिपका द्यायचा आणि बांधणारा त्या ठिपक्यावर कड्या बांधायचा. भांडणानंतर रंधाने काय करावं? तो ठिपका कधी मऊ अंगावर देऊ लागला, कधी ताठ. हेतू एवढाच की पलीकडच्याला प्रत्येक काठीला आपल्या तोंडाकडे बघावं लागावं. मग ताईंनी जाऊन सांगायचं, "आज ठिपक्यावर," किंवा "आज ठिपक्यासमोर," म्हणजे ठिपक्याच्या उलट अंगावर. असली अक्कल माणसाला कुठून सुचते कोण जाणे, पण रंधाला सुचली आणि ती त्याने नऊ वर्षं चालवली.

एका सकाळी ताई घरातल्या दाराने न येता रस्त्याच्या दाराने कारखान्यात आल्या आणि गिऱ्हाइकाच्या खुर्चीवर बसल्या. त्यांच्याकडे वडिलांची एक जुनी काठी होती, ती गेल्या वर्षी सांध्यात मोडली. मला काठी करून हवी आहे, म्हणाल्या. रंधा म्हणाला, घरी बोलू. ताई म्हणाल्या, घरी भाजीचं बोलते, इथे गिऱ्हाईक म्हणून आलेय.

झक मारत त्याला त्यांच्या हाताचं माप घ्यावं लागलं. पस्तीस वर्षं संसार केलेल्या बाईचा हात त्याने प्रथमच टेपने मोजला. तळवा अरुंद, बोटं लांब, अंगठ्याच्या मुळाशी घट्टा. मग रिवाजाप्रमाणे मागच्या अंगणात साधी काठी देऊन फेक पाहिली. ताईंची दोरी सरळ उलगडत गेली आणि टोक जमिनीला आवाज न करता टेकलं. इतकी स्वच्छ फेक त्याच्या वीस वर्षांच्या गिऱ्हाइकांत एकाचीही नव्हती. ती लहानपणापासून बापाबरोबर नदीवर जायची हे त्याला माहीत होतं. पण माहीत असून तो विसरला होता, आणि आता आठवल्यावर त्याला स्वतःचा नाही, तिचाच राग आला. मग ताई रस्त्यावरून वळसा घालून पलीकडच्या दाराने दोराकडेही गेल्या आणि धागा बाटलीसारखा हिरवा हवा म्हणून सांगून आल्या.

रंधाने दीड महिना दुसरं काम हाताला लावलं नाही. त्याच्या मनात एक जुनं शल्य होतं. त्याच्या कोणत्याही काठीला ताईंनी आजवर वाईट म्हटलं नव्हतं, पण "बाबांसारखी झाली" असंही कधी म्हटलं नव्हतं. या काठीला ते म्हणावंच लागेल, असं त्याने ठरवलं. बांबूची पेरं एकाशेजारी एक येऊ दिली नाहीत, पट्ट्या केसाइतक्या फरकाने परत परत तासल्या, रंध्याच्या पात्याला दिवसातून चारदा धार लावली. काठी तयार झाली तेव्हा ती बोटावर तोलून तो कितीतरी वेळ बघत राहिला. मग सवयीने पेन्सिल उचलली, ताठ अंगावर ठिपका दिला, काठी खिडकीतून पलीकडे सरकवली आणि घरात जाऊन म्हणाला, "ठिपक्यासमोर म्हणून सांग त्याला."

ताई तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "या काठीची मी गिऱ्हाईक आहे. गिऱ्हाईक निरोप नेत नसतं."

तो म्हणाला, मग सांगणार कोण? ताई म्हणाल्या, तोंड तुम्हालाही आहे.

रंधा तरातरा कारखान्यात आला आणि खिडकीपाशी उभा राहिला. पलीकडे साडूचं कोपर दिसत होतं, हिरव्या धाग्याचं रीळ दिसत होतं. फक्त दोन शब्द टाकायचे होते. त्याने घसा खाकरला. पलीकडचा हात थांबला. थांबलेलाच राहिला. चांगलं अर्धं मिनिट दोन म्हातारे वीतभर भोकाच्या दोन बाजूंना ताटकळत उभे होते. मग रंधाच्या मनात आलं, मी का म्हणून आधी बोलायचं? त्याला बोटं नाहीत का, चाचपून बघेल. आणि तो जाऊन पात्याला धार लावत बसला, जी सकाळीच लावून झाली होती.

तीन आठवड्यांनी काठी पुरी झाली. अंगणात वीस पावलांवर पांढरी थाळी ठेवायची आणि गिऱ्हाइकाने माशी त्या थाळीत टाकून दाखवायची, अशी सासऱ्यांपासूनची पद्धत. रंधा एका भिंतीला टेकून उभा होता, दोरा दुसऱ्या. ताईंनी काठी हातात घेतली, एकदा डोळ्यांसमोर धरून तिच्या अंगावरून नजर फिरवली आणि फेकली. माशी थाळीच्या उजवीकडे हातभर अंतरावर पडली. पुन्हा फेकली, पुन्हा तिथेच. तिसऱ्यांदा पडली तेव्हा त्यांनी दोरी गुंडाळली आणि काठी तळहातावर हळूहळू फिरवून पाहिली.

"कड्या ताठ अंगावर आहेत," त्या म्हणाल्या.

रंधा उसळला. ठिपका बघून बांधायची अक्कल नको का, निरोप आला नाही तर हात फिरवून बघायला काय झालं होतं, असं बरंच काही तो बोलला, आणि सगळं ताईंकडे बघून.

दोरा मात्र सरळ त्याच्याकडे बघून म्हणाला, "मला माहीत होतं."



"बोटाला कळतं," तो पुढे म्हणाला. "या काठीचं कळलं होतं. प्रत्येक काठीचं कळत होतं, निरोप यायच्या आधीच. या वेळी निरोप आला नाही, म्हणून मामंजींच्या रीतीने ठिपक्यावर बांधलं. म्हटलं, बघू तर खरं, ह्याचं तोंड उघडतं का."

"नऊ वर्षं कळत होतं?" ताईंनी विचारलं.

"हो."

"मग मी कशासाठी फेऱ्या मारत होते?"

दोरा भिंतीचा पोपडा नखाने काढू लागला. रंधाला वाटलं, आता काहीतरी केलंच पाहिजे. तो साडूकडे वळला आणि नऊ वर्षांतला पहिला शब्द बोलला, तोही हुकूमच. "धागा सोड. पुन्हा बांध."

"आजच घेतो," दोरा म्हणाला. "चार दिवसांत देतो."

"मी धरतो, तू सोड. मूठ दुखावायची नाही."

"मुठीला हात लावावा लागणार नाही."

बघता बघता दोघं कामाचं बोलू लागले, जणू मधल्या नऊ वर्षांत काही घडलंच नव्हतं. इतकं सोपं होतं ते. ताई ऐकत होत्या आणि त्यांचा चेहरा दगडासारखा होत चालला होता. रंधाने काठी घ्यायला हात पुढे केला. ताईंनी ती दिली नाही.

त्यांनी डावा पाय थोडा मागे घेतला, मनगट किंचित आत वळवलं आणि दोरी फेकली. माशी थाळीच्या मधोमध बसली. पुन्हा फेकली, पुन्हा बसली.

"राहू द्या," त्या म्हणाल्या. "वाकड्याला किती वाकडं धरायचं ते मला येतं. या घरात येऊन दुसरं शिकले काय?"

त्या काठीचे दोन भाग सोडवू लागल्या. यावर एखादा शहाणा माणूस गप्प बसला असता. पण रंधाला राहवेना, दीड महिन्याचं त्याचं काम त्याच्यासमोर पिशवीत चाललं होतं. त्याने विचारलंच, "तासली कशी आहे, तेवढं तरी सांग."

ताईंनी काठीवरून शेवटचा हात फिरवला. खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती.

"बाबांसारखी," त्या म्हणाल्या. "पण बाबांनी मला ही अशी दिली नसती."

त्यांनी पिशवीची नाडी ओढून गाठ मारली आणि रस्त्याच्या दाराने नदीकडे निघून गेल्या. रंधाला जे ऐकायचं होतं ते त्याने ऐकलं होतं.