महिपत सुरुंगवाल्याचा हात

“माझा हात दिसल्याशिवाय डोकं वर काढू नका.”

महिपत साळवी हे रोज म्हणायचा. कामावर तर म्हणायचाच, पण पंगतीत वाढपी आमटी घेऊन आला तरी म्हणायचा, आणि सगळी पंगत हसायची. हसणं वेगळं. त्या वाक्यावर आमच्या वाडीतल्या बावीस घरांचा जीव टांगलेला होता, हे हसणाऱ्यांनाही ठाऊक होतं.

पेणकरपाड्याच्या पलीकडे डोंगराच्या कुशीत आमची दगडाची खदान होती आणि महिपत तिथला सुरुंगवाला. रत्नागिरीकडून आला तेव्हा मिसरूड फुटलेलं नव्हतं. उंच, काटक, थोडा वाकून चालणारा. दुपारी जेवणाच्या सुट्टीआधी तो कातळात पाडलेली भोकं भरायचा, वाती लावायचा आणि हाळी द्यायचा. आम्ही बायकापोरांसकट मोठ्या दगडांच्या आडोशाला बसायचो, डोकी गुडघ्यांत घालून. महिपत बार मोजायचा. पाच वाती पेटवल्या आणि चारच बार झाले, तर कुणी हलायचं नाही. तो एकटा पुढे जायचा, वाकून बघायचा, कधी अर्धा तास लावायचा. मग धुरळ्यातून त्याचा उजवा हात वर यायचा. हात वर म्हणजे भीती नाही. आम्ही उठायचो. अठरा वर्षांत त्याच्या हातानं एकदाही दगा दिला नाही. दुसऱ्या खदानींत माणसं मेली, आमच्याकडे एकाचं बोटसुद्धा गेलं नाही.

त्या काळी वाडीत एकच झेंडा होता, लाल. उत्तनचा अल्फान्सो सायकलवरून यायचा आणि आमची युनियन चालवायचा. कोळ्याच्या घरातला, वाऱ्यात ओरडून बोलायची सवय असलेला. सभेत संपाची गोष्ट निघाली की आम्ही अल्फान्सोचं ऐकायचो आणि महिपतकडे बघायचो. त्यानं हात वर केला की संप.

एकोणसत्तर साली खदान बंद पडली. दगड खोल गेला होता, त्यात पाणी लागलं. शेटजींनी यंत्रं उचलून नेली. माणसं मागे राहिली. आम्ही कुठे जाणार? कुणी मिठागरावर लागला, कुणी रेतीच्या होडीवर, बायका भाईंदरला भांडी घासायला जाऊ लागल्या. खदान गेली तशी युनियनही पातळ झाली. आधी आमच्यातला सदू सत्तेवाल्यांच्या प्रचाराला गेला. त्याला रेशनच्या दुकानात पोती उचलायचं काम मिळालं. मग राघो गेला. मग मीही एका सभेत त्यांचा बिल्ला छातीला लावून बसलो, कारण जेवण होतं. सांगायला लाज वाटते, पण सांगतो. अल्फान्सो यायचा तेव्हा आम्ही बिल्ले काढून खिशात ठेवायचो. त्याला ते कळायचं.

महिपत मात्र गेला नाही. चार वर्षं घरी बसला. सुरुंग लावण्यापलीकडे त्याला काही येत नव्हतं आणि पाटी उचलायला तो तयार नव्हता. त्याची बायको सुगंधा दोन घरची कामं करायची.

त्र्याहत्तर साली गावचे बाबाजी त्याच्याकडे आले. बाबाजी म्हणजे सत्तेवाल्यांचे आमच्या भागातले पुढारी, पांढरं धोतर, तोंडात सुपारी. सुगंधानं ते बोलणं चुलीपाशी बसून ऐकलं होतं, तिनंच पुढे सांगितलं.

“महिपतराव, खदानीच्या जागेवर कारखाना येतोय. गेटवर भरवशाचा माणूस पाहिजे. खाकी कपडा, शिट्टी, पगार.”

“आणि वाडी?”

“वाडीचं नंतर बघू. ग्रामसभेत ठराव आहे. तुमचा एक हात पाहिजे, बस.”

“मी एकटा हात वर करून काय होणार?”

“तेच तर म्हणतोय. एका हातानं कुणाचं काय वाकडं होतंय?”



ग्रामसभेच्या आदल्या संध्याकाळी अल्फान्सो वाडीत आला. त्यानं एकेकाला समजावलं. “ठराव तुमच्या घरांचा हाय. जागा कारखान्याला द्यायची, म्हणजे झोपड्या उठल्या. कुनी हात वर करायचा न्हाय. येवढंच काम.”

सरूबाई आमच्यातली सगळ्यात खट्याळ. तिचा नवरा दम्यानं गेला होता, खदानीच्या धुळीनं. ती म्हणाली, “मी तर हात पदराला गाठ मारून बांधून ठेवीन!” सगळे हसले. महिपत मागे उभा होता. तोही हसला, पण उशिरा.

शाळेच्या पडवीत सभा भरली. ग्रामसेवकानं ठराव वाचला. सदर जागा, उद्योगधंदा, हरकत नाही, असलं काहीबाही. मग म्हणाला, “मान्य असेल त्यांनी हात वर करावेत.”

गावातले बागायतदार बसले होते त्या बाजूनं पंधरा-सोळा हात वर झाले. आमच्या बाजूला एकही नाही. अल्फान्सो मिशीत हसला. आम्ही जिंकल्यात जमा होतो.

तेवढ्यात महिपतनं हात वर केला.

त्या क्षणाचा मी खूप विचार केला आहे. आम्ही मूर्ख नव्हतो. ठराव कशाचा आहे ते आम्हाला माहीत होतं. पण डोळ्यांनी तो हात पाहिला आणि अंगानं निर्णय घेतला. वाटलं, महिपत पुढे जाऊन बघून आला आहे. काहीतरी ठरलं असेल, घरं वाचली असतील. भीती नाही. सरूबाईचा हात गेला. राघोचा गेला. माझा गेला. बघता बघता आमच्या बाजूचे तीस-पस्तीस हात वर.

“अरे हात खाली घ्या रे!” अल्फान्सो ओरडला. “तुमचीच घरं हायत ती!”

आम्ही महिपतकडे पाहिलं. त्यानं मागे वळून आमचे हात बघितले आणि त्याचा चेहरा राखेसारखा झाला. त्याला फक्त स्वतःचा हात विकायचा होता. आमचे हात त्याला बांधलेले आहेत, हे तो विसरला होता. अजूनही वेळ होती. हात खाली घेतला असता, तर आमचे सगळे पडले असते. बाबाजी त्याच्याकडे बघत होते. त्यानं जमिनीकडे नजर लावली आणि हात तसाच ठेवला. ग्रामसेवकानं मोजणी पुरी केली.

बाहेर आल्यावर सरूबाईनं त्याची वाट अडवली. “भाऊ, घरं राहतील ना? तू बघितलंस ना?”

“नाही राहणार,” महिपत म्हणाला. “मला ठाऊक होतं.”

ती म्हणाली, “आमचा बैलासारखा विश्वास रे. आमचंच चुकलं.” शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

पावसाळा सरल्यावर झोपड्या उठल्या. आम्हाला खाडीकडच्या खाजणात जागा दाखवली. तिथे विहीर नव्हती, जमिनीतलं पाणी खारट. गोडं पाणी फक्त खदानीच्या डोहात होतं आणि खदानीला आता तारेचं कुंपण होतं. गेटवर महिपत. त्यानं काम घेतलं होतं. खाकी सदरा त्याला आखूड होता.

पहिल्याच सकाळी बायका हंडे घेऊन गेल्या. मीही कळशी घेऊन मागे होतो. महिपतनं न विचारता गेट उघडलं.

सरूबाई आत गेली नाही. “साहेब,” ती म्हणाली, “जाऊ का आत?”

“सरू, असं नको बोलू गं.”

“हुकूम पाहिजे ना, साहेब? आता जागा तुमची.”

तिच्या मागे बायका एका रांगेत उभ्या राहिल्या. एकही बाई उंबरठ्याच्या आत पाय टाकेना. रांगेत सुगंधाही होती, स्वतःच्या नवऱ्यासमोर रिकामा हंडा घेऊन. महिपतनं तिच्याकडे पाहिलं. तिनं पदर पुढे ओढला आणि सरूबाईसारखंच विचारलं, “साहेब, जाऊ का?”

महिपतनं शिट्टी गळ्यातून काढून खुंटाला अडकवली. गेट उघडंच राहू दिलं. डोहाकडे नाही, वाडीच्या मोकळ्या जागेकडे नाही, तो घोडबंदरच्या रस्त्याला लागला, थोडा वाकून, नेहमीच्याच चालीनं. कुणी हाक मारली नाही. सुगंधा हंडा कमरेवर धरून तो वळणाआड जाईपर्यंत बघत होती, आणि तिच्या शेजारी सरूबाई.