जवसाच्या तेलातलं कुंकू

गाडीला चमक आणली, असं लोक म्हणतात. चमक कुणी कुठून आणत नसतो. रंगाचा वरचा मेलेला थर खरवडून काढायचा, की खालचा जिता थर चमकतो. म्हणजे जितक्या वेळा गाडी चमकवाल तितकी ती झिजते. हे मी सांगितलं की लोक हसायचे आणि मला त्यांचा राग यायचा. आता रागही येत नाही.

निजामाच्या राज्यात, जर्मनच्या लढाईच्या वर्षांत, लोहाऱ्याला एका अडतीच्या व्यापाऱ्याकडं मी मोटारीवर होतो. चालवायचो मी, धुवायचो मी, पॉलिशही मीच करायचो. काळीकुळकुळीत गाडी. पेट्रोल कूपनावर मिळायचं, त्यामुळं ती महिना महिना छपरात उभी. उभ्या गाडीचा रंग चालत्या गाडीच्या आधी मरतो. धूळ बसते, दव पडतं, कबुतरं आपलं काम करून जातात. मालक आमच्यातलेच, लिंगायत, आणि वागायला वाईट नव्हते. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं त्यांच्यावर सगळं ढकलायचा मोह मला होणार आहे.

पॉलिशचा डबा सोलापूरहून यायचा, तामलवाडीच्या वाटेनं, निजामाच्या करोडगिरी नाक्यावर जकात भरून. लढाई पेटली आणि डबे यायचे बंद झाले. मग मी घरीच मसाला करू लागलो. भाजक्या विटेची पूड जवसाच्या तेलात कालवली की जाड मसाला झाला. तो ओरखडे काढतो, पण रंगही खातो. त्याहून हलका रांगोळीचा, आणि सगळ्यात मऊ खडूच्या पुडीचा. घासायच्या कापडाचंही तसंच. घोंगडीचा तुकडा सगळ्यात दांडगा, मग टांगेवाल्याकडून आणलेला खोगिराखालचा नमदा, आणि शेवटी धुऊन धुऊन विरलेलं जुनं लुगडं. नेम एकच होता: हलक्यापासून सुरुवात करायची आणि भागलंच नाही तर जाडाकडं जायचं. विटेचा मसाला आणि घोंगडी एका वेळी तर कधीच घ्यायची नाही.

पूड वस्त्रगाळ करायची माझी बायको. एक खडा राहिला तरी गाडीवर ओरखडा उठतो, म्हणून ती चिमूटभर पूड जिभेवर ठेवायची आणि दाताखाली करकरली की पुन्हा गाळायला बसायची. “तुमच्या घरात विटा खाऊन पोट भरतंय बघा,” असं वर मलाच ऐकवायची. माहेर तिचं कर्नाटकाच्या अंगाला, मराठी बोलता बोलता कानडीत शिरायची. मी घासायला लागलो की ती बाजूला तिरकी उभी राही. घासणाऱ्याला आपल्या हाताखालचं दिसत नाही, तिरक्या उजेडातून बघणाऱ्याला दिसतं. नीट चमक आली की म्हणायची, “साकु.” म्हणजे पुरे. मी हट्टानं अजून दोन हात मारायला गेलो तर सरळ माझं मनगट धरायची. “साकु म्हनलं न्हवं! गाडीला बी कातडं असतंय.” बायकोनं कामात नाक खुपसलेलं कुणाला आवडतं? मी धुसफुसायचो, पण थांबायचो.

त्या वर्षी दसऱ्याला मालक सहकुटुंब तुळजापूरला जायचे होते. आदल्या दिवशी खंडेनवमी, म्हणजे हत्यारांबरोबर गाडीचीही पूजा. गाडीच्या बॉनेटवर कुंकवाची पाच बोटं उमटवायचा मान मालकीणबाईंनी माझ्या बायकोला दिला. “गाडीसाठी विटा चाळती ती, तिलाच लावू दे,” म्हणाल्या. “पर कुंकू तुळजापुरापत्तुर टिकाया पायजे. गेल्या साली वाटंतच उडून गेलं.” मला मोठी अक्कल! मी बायकोला म्हणालो, “पाण्यात नगं, माझ्या वाटीतल्या जवसाच्या तेलात कालव.”

“तेलात?” बायको म्हणाली. “अन् मागनं निघंल न्हवं?”

“न निघायला काय झालं? मी हाय की काढायला.”

जवसाचं तेल वाळलं की त्याचा रंगच होतो, दाराखिडक्यांना तेच लावतात. हे मला ठाऊक होतं, रोज हात त्या तेलात असायचे. पण ती पूजा होती, आणि पूजेत मला माझं काम आठवलं नाही.

गाडी तुळजापूरला जाऊन आली, कुंकू जसंच्या तसं. मालकीणबाई खूश. दोन दिवसांनी मी पुसायला गेलो तर फडक्याला दाद देईना. नखानं खरवडलं, तर दगड. बायको पोट धरून हसली. “ऱ्हाऊ द्या आता. फुडच्या नवमीला परत लावायची कटकट न्हाय.” दिवाळी झाली की काढू, असं म्हणून मी ते तसंच ठेवलं.

दिवाळी झाली आणि तिला ताप भरला. पाचव्या दिवशी ती गेली. आमच्यात पुरतात, बसवून. भरल्या कपाळानं गेली, भाग्याची, असं बाया म्हणत होत्या, आणि मला त्या भाग्याची चीड येत होती. तिचा फोटो नव्हता. आमच्यासारख्यांचे फोटो तेव्हा कोण काढत होतं? लुगडी तिची आई घेऊन गेली. राहिली ती पाच बोटं. लांबट, बारीक, करंगळी जरा वाकडी. मी रोज सकाळी गाडी पुसायचो आणि तेवढी जागा सोडून पुसायचो.

मार्गशीर्षात मालकांच्या मुलीचं लग्न निघालं. नवरी याच गाडीतून जायची. मालक छपरात आले आणि खाली बघत म्हणाले, “तेवढे डाग काढ बाबा.”

“मालक, डाग न्हाईत. कुंकू हाय, सवाष्णीच्या हातचं.”

“व्हय रं. पर घरात चालत न्हाय. गेलेल्या बाईच्या हातचं नवरीच्या गाडीवर नगं म्हनत्यात.”

“भरल्या कपाळानं गेली की ती, मालक.”

“मला कळतंय,” ते म्हणाले. “पर पोरीचं लगीन हाय.”

मी नाही म्हणू शकलो असतो. चाकरी गेली असती, राहायची खोली त्यांचीच होती, ती गेली असती, एवढंच. नाही म्हणालो नाही. हे मी स्वतःला माफ केलेलं नाही. नवरा गेला की बाईचं कुंकू पुसतात, ते मी कितीदा बघितलं होतं. बायको गेल्यावर तिचं कुंकू नवऱ्यानं पुसावं, हे मात्र माझ्याच वाट्याला आलं.

नेमाप्रमाणं खडूचा मसाला आणि लुगड्याचं फडकं घेतलं. काही निघालं नाही, आणि खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. मग रांगोळी आणि नमदा. लाली जराशी उतरली, बोटं तशीच. इथं मी थांबून सांगू शकलो असतो की निघत नाही. तेवढ्यात घरातून मालकीणबाईंची हाक आली, “झालं का रं?” आणि माझं डोकं फिरलं. त्यांच्यावर, मालकांवर, मला टाकून गेलेलीवर, माझ्या त्या दीडशहाण्या तेलावर, सगळ्यांवर एकदम. मी विटेचा मसाला काढला, तिनं चाळलेल्या शेवटच्या पुडीचा. आणि घोंगडीचा तुकडा बोटाला गुंडाळून एकेक बोट घासायला लागलो. डोळे भरून आले होते, हाताखालचं दिसत नव्हतं. बाजूला कुणी उभं नव्हतं. हात दुखून आपोआप थांबेपर्यंत मी घासत राहिलो.

मग फडक्यानं पुसलं. कुंकू गेलं होतं. त्याखालचा काळा रंगही गेला होता, आणि कारखान्यात पत्र्याला पहिल्यांदा देतात ते तांबडं अस्तर वर आलं होतं. पाच ठिकाणी, लांबट, शेवटचं जरा वाकडं.

मालकीणबाई दारात आल्या आणि तिथूनच त्यांनी बघितलं.

“अजून हाय की कुंकू,” त्या म्हणाल्या. “घास की जरा जोर लावून.”

“न्हाय, मालकीणबाई,” मी म्हणालो. “कुंकू गेलं. आता घासाया कायबी ऱ्हायलं न्हाय.”