चार लेकी अन् एक टेप

किस्से कोणी जमवत नाही. डब्यातल्या खिळ्यांसारखे ते आपोआप साचतात. एक काढायला हात घालावा तर दुसराच टोचतो. मी चौथी नापास, लिहिणं माझं काम नाही. पण जळगाव जामोदला माझं लाउडस्पीकरचं दुकान होतं अन् तिथं आम्ही लांबलचक टेप कापून एकेक गाणं वेगळं करत होतो, हे आजकालची पोरं खोटं समजतात. म्हणून सांगतो. पटत नसेल त्यानं उठून जावं.

महाराष्ट्र होऊन चार-पाच वर्षं झाली असतील. खामगावहून सेकंडहँड टेपरेकॉर्डर आणला. वर दोन चकऱ्या, एकीवरची फीत दुसरीवर जायची. पहिल्याच दिवशी चालू करून विसरलो. नंतर लावून पाहिला तर आत माझा बाप खोकत होता! बाप समोरच बसलेला. त्यानं सगळं ऐकलं, टोपी घातली अन् थेट वैद्याकडे गेला. दहा वर्षं घरचे सांगत होते, 'बाबा, खोकला दाखवा.' आमचं नाही ऐकलं. मशीनचं ऐकलं.

*

कापायचं काम गुलाब मिस्त्रीचं. रेडिओ दुरुस्त करणारा माणूस, बोलायला भारी आळशी. डोळे मिटून चकरी हातानं मागे-पुढे फिरवायचा. गाणं संपून गाणाऱ्यानं श्वास घेतला की फितीवर नखानं तंबाखूचा चुना लावायचा अन् तिथं दाढीच्या ब्लेडनं कापायचा. तुकडे दोरीवर टांगलेले, प्रत्येकाला नावाची चिठ्ठी.

एकदा भजनी मंडळाचे बुवा आले. "सगळं साजरं झालं मिस्त्री, पण आमच्या पाटलाचा टाळ बेताल हाय. तेवढा टाळ कापून काढा."

गुलाबनं चुना मळता मळता विचारलं, "बुवा, सकाळी चहा घेतला?"

"हाव."

"त्यातलं दूध वापस काढून आना. मंग टाळ काढतो."

*

मग सखूबाईचं काम आलं. जात्यावर तिच्यासारखी ओवी गाणारी आमच्या गावात दुसरी नव्हती. तिच्या गळ्यात गाठ झाली. नागपूरचा डॉक्टर म्हणाला, ऑपरेशननं जीव वाचेल, आवाज राहणार नाही.

तिला चार लेकी. शांता संग्रामपूरला दिलेली, कमला साखरखेर्ड्याला, इंदू खामगावला. धाकटी राधा घरीच. शांता दुकानात आली. "भाऊ, माय नागपूरले जायच्या आधी तिचा आवाज भरून ठेवा. मंग जिच्या तिच्या नावाचं गाणं जिले तिले कापून द्या."

मशीन घेऊन घरी गेलो. म्हटलं, "सखूबाई, गा."

"रिकाम्या हातानं कशी गाऊ बाप्पा?"

झालं! जातं मांडलं, ज्वारी आणली, मूठमूठ दाणे टाकायला राधा समोर बसली. जातं फिरलं अन् तो दुखरा गळा असा उघडला की गुलाब तोंडातला तंबाखू थुंकायचा विसरला. अख्खी चकरी भरली. नक्कल काढायला दुसरं मशीन आमच्याकडे नव्हतं. होतं ते एवढंच.

*

कापायला बसलो अन् भानगड कळली. भजनाला शेवट असतो, ओवीला नसतो. श्वास कुठंही घेतलेला. गुलाबच्या नखावरचा चुना वाळून गेला.

शेवटी सखूबाईलाच विचारलं, "बाई, तुमचं एक गाणं कुठं संपते?"

"जात्यातला घास संपला की."

परत ऐकलं. मूठभर दाणे दळून झाले की जात्याची घरघर बदलायची. ती थांबायची. नवा घास पडायचा, नवं गाणं निघायचं. या बाईनं जन्मभर गाणी दाण्यांनी मोजली होती अन् आम्ही श्वास शोधत बसलो होतो.

मी गुलाबला म्हटलं, "मधातलं बोलणं-खोकणं काढून फेक. गाणं साफ पायजे."

*

ऑपरेशन झालं. सखूबाई परत आली, आवाज नाही आला. तिघी लेकी आपापली चकरी घेऊन सासरी गेल्या.

मग राधा आली, मायचा हात धरून. पुढच्या महिन्यात तिचंही लग्न होतं. "काका, माह्यावाली?"

दोरीवर राधाच्या नावाची चिठ्ठीच नव्हती. सखूबाईनं गायलं ते सासरी गेलेल्या लेकींना. घरातल्या लेकीला कोण गातं? मी म्हटलं, "पोरी, तुह्या नावाचं गाणं नाई." सखूबाईचे ओठ हलले. माझ्यासारख्या तोंडाळ माणसाला खाली पाहावं लागलं.

गुलाब उठला. त्यानं रद्दीचा डबा काढला. मी फेकायला सांगितलेले वीत-वीतभर तुकडे त्यात तसेच होते. एकेक करून त्यानं जोडले अन् मशीन लावलं.

"राधे, टाक वं."

खोकला.

"राधे, टाक."

"राधे, हात सांभाळ माय, जातं हाय ते."

"राधे, टाक."

दर हाकेला समोरची राधा हळूच म्हणे, "हाव, माय." फीत संपली, चकरी नुसतीच फटफट करायला लागली, तशी गुलाबनं बंद केली.

सखूबाईचा उजवा हात हवेत गोल फिरतच होता.

राधानं मूठ पुढे केली. म्हणाली, "टाकतो, माय."